बोटं दिसायला हवीत

चिमीला जन्मापासून ऐकू येत नाही. ती दहा वर्षांची, तिचा दादा सोळाचा. दर रविवारी सकाळी दादा संगणकावर जंगलातला खेळ खेळायचा आणि चिमी शेजारी बसून, पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीतून, हातांच्या खुणांनी त्याचं वर्णन करायची. पूल का तुटला, दादा पुन्हा त्याच खड्ड्यात कसा पडला, सगळं अगदी मीठमसाला लावून. तिच्या जुन्या, कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या वर्गातली अकरा मुलं हे आपापल्या घरी थेट बघायची. चिमीची शाळा बदलल्यापासून त्यांच्याशी तिच्या मनासारखं बोलणं व्हायचं ते एवढंच.

पण खेळात झाडी दाट झाली की चित्र फुटायचं. पानांचे हिरवे चौकोन व्हायचे आणि त्यांच्यासोबत कोपऱ्यातली चिमीची बोटंही विरघळायची. बोटं गेली की बोलणंच गेलं. बघणारे अकराचे सात झाले, मग चार. गेल्या रविवारी एका मैत्रिणीने लिहिलं, 'तू काहीतरी सांगतेस एवढं कळतं. काय ते नाही कळत.' त्यानंतर चिमीने दादाला खुणेने बजावलं, येत्या रविवारी असंच झालं तर आपण हे बंद करू.

दादाच्या मते दोष एकच होता. एकाच संगणकाने खेळही चालवायचा आणि त्याचं चित्र आवळून, म्हणजे कमी माहितीत बसवून, बाहेरही पाठवायचं, म्हणजे त्याची ओढाताण होणारच. म्हणून मामाने त्याच्या ऑफिसातून निघालेला दुसरा संगणक आणून दिला. याने फक्त पाठवायचं, दुसरं काही नाही. पहिल्यातून एका केबलने खेळाचं चित्र दुसऱ्यात आलं, कॅमेराही दुसऱ्यालाच जोडला. दोन वर्षं खटपट करून बसवलेली जुनी सेटिंग्ज दादाने जशीच्या तशी त्यात उतरवली.

खेळ एकदम हलका चालायला लागला. बाहेर जाणारं चित्र मात्र होतं तसंच. दादाने दर सेकंदाला जास्त माहिती पाठवून पाहिली, तर घरच्या इंटरनेटला ते झेपेना आणि चित्र अडकत अडकत जाऊ लागलं. निमूटपणे त्याने आकडा पुन्हा खाली आणला.

शनिवारी दुपारी दोघं नुसती चाचणी घेत होती. बघणारा एकच, आईचा फोन. तो चिमीच्या हातात होता आणि त्यात तिची बोटं पिठाच्या गोळ्यासारखी दिसत होती. दादा तोंड पाडून बसला. चिमीने सहज पहिल्या संगणकावर तळहात ठेवला. तो तापलेला, आतल्या पंख्याने थरथरणारा. मग दुसऱ्यावर ठेवला आणि तिच्या भुवया वर गेल्या. तिने दादाचा हात ओढून तिथे टेकवला.

दुसरा संगणक गार होता. पंखा जेमतेम फिरत होता.

दादाने आकडे पाहिले. चित्र आवळायचं एवढं काम करूनही संगणकाची बरीचशी ताकद पडूनच होती. तो उठून शेजारच्या खोलीत आईकडे गेला. आई कपडे शिवते, तेव्हाही टेबलावर कापड पसरून बसली होती. काम करायला आणलेला गडी आरामात बसलाय आणि तरी चित्र वाईट, हे कसं, असं त्याने विचारलं. आईला संगणकातलं फार कळत नाही. तिने एवढंच विचारलं, की पाठवायची माहिती ठरलेलीच आहे का. ठरलेलीच, वाढवता येत नाही, तो म्हणाला.

"मग कापड तेवढंच आहे," आई खडू फिरवत म्हणाली. "बेतणाऱ्याला वेळ किती देतोस?"

दादा धावतच संगणकाकडे परतला. जुन्या सेटिंग्जमध्ये, चित्र किती वेगाने आवळायचं त्या रकान्यात, 'अतिजलद' लिहिलेलं होतं. एकाच संगणकावर दोन कामं होती तेव्हा ते बरोबर होतं. तीच घाई त्याने या निवांत बसलेल्या संगणकालाही लावून दिली होती.

त्याने एकदम टोक गाठलं, सगळ्यात सावकाश. दुसरा संगणक घोंघावू लागला आणि चित्र गचके खाऊ लागलं. मग एकेक पायरी मागे. प्रत्येक पायरीला चिमी पेटीवर तळहात ठेवून खूण करायची: भाजतंय, अजून भाजतंय, आता ठीक. दादाने आकडे ताडून पाहिले. तिचा हात चुकत नव्हता.

'मध्यम'वर ते थांबले. दादाने खेळातल्या माणसाला गच्च बांबूच्या बनात पळवलं.

फोनवरचं चित्र दहा सेकंद उशिरा येतं. दहा सेकंदांनी बन आलं, आणि त्यात पानं होती. एकेक पान, त्याच्या काठावरचं ऊनसुद्धा. दर सेकंदाला साठ चित्रं. प्रत्येकात कोणतं पान आधीच्या चित्रातून कुठे सरकलं हे तो संगणक शोधत होता, जे बदललं नाही ते पुन्हा पाठवत नव्हता, आणि वाचलेली जागा जिथे हवी तिथे देत होता. कापड तेवढंच होतं. कोपऱ्यात चिमीची पाच बोटं पाच दिसत होती. आई दारात येऊन उभी होती, गळ्यात टेप तसाच. चिमी दहा सेकंदांपूर्वीच्या आपल्याच हाताकडे बघत राहिली. जणू तो दुसऱ्या कुणाचा होता आणि तिला काहीतरी सांगत होता.

रविवारी चौघं बघायला आली. दादा मुद्दाम थेट बनात शिरला. चिमीने सांगायला सुरुवात केली, आधी जपून, हात मोठे करून, मग नेहमीच्या वेगाने. समोरून काहीच लिहून येईना. दादाने मनात दहापर्यंत मोजलं, मग वीसपर्यंत.

तेव्हा त्याच मैत्रिणीची ओळ उमटली. 'ए, नखं खायचं अजून सोडलं नाहीस?'

चिमीने पटकन दोन्ही हात टेबलाखाली लपवले. तिचा चेहरा लाल झाला होता आणि हसू काही आवरत नव्हतं. खाली आणखी एक ओळ आली, 'थांब, बाकीच्यांना बोलावते.' बघणाऱ्यांचा आकडा पाच झाला, मग आठ. चिमीने हात वर काढले, बोटं मोकळी केली आणि नखांचं काय ते उत्तर देऊ लागली.