लेफाच्या पायातली वीट

"लेफाच्या पायाला बांधलीय वीट,
डर्बनला गेला नि इंजिनाचं पीठ!"

हा आवाज माझ्या मामाचा, कोबेदीमामाचा. अंगणात पंधरा माणसं, प्रत्येकाच्या हातात बिअरची बाटली, आणि मधोमध ट्रेलरवर बाबांची चौकोनी जर्मन गाडी, जिला आमच्याकडे सगळे लाडानं गुशेशे म्हणतात. बॉनेट उघडं, पोटातून जळका वास. गाड्या गरगर फिरवायच्या डर्बनच्या मेळ्यात तिसऱ्याच गिरकीला पिस्टन वितळले होते. इंजिन बांधलं मामानं, त्याचा कॉम्प्युटर बसवला मामानं, म्हणून सगळे मामाकडे बघत होते. मामानं एक घोट घेतला, बाबांच्या, म्हणजे लेफाच्या, उजव्या पायाकडे बोट केलं आणि दोष त्या जड पायाचा ठरवणारे हे दोन चरण गाऊन टाकले. अंगण हसून हसून वाकलं. बाबाही हसले.

सोवेटोत गाणं जन्मलं की पाळण्यात राहत नाही, लगेच रस्त्यावर पळतं. आठवडाभरात गल्लीतल्या पोरी त्याच्यावर दोरीच्या उड्या मारू लागल्या. 'वीट'ला एक पाय, 'पीठ'ला दोन्ही. मी नऊ वर्षांची होते, मीही मारल्या. दोरीचं एक टोक बाबा धरायचे. "आणा इकडे," म्हणायचे, "गाडी नाही तर दोरी तरी फिरवतो." बापाची टिंगल मी बापाच्याच दोरीवर नाचत गायले, आणि ती दोरी त्यांनी कधी अडखळू दिली नाही.

त्यानंतर बाबांनी गाडी फिरवली नाही. हळूहळू नवे पिस्टन घातले, इंजिन जुळवलं आणि गुशेशे घरामागे आजीच्या बासोथो घोंगडीखाली झोपवली. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. गाडी मला मिळाली आणि गाडीबरोबर नावही. 'विटेची पोर.'

मी टायरच्या दुकानात काम करते. गुळगुळीत झालेले टायर लोक टाकून जातात, मी ते मैदानात गाडीला लावून जाळते. चाकं फुटेपर्यंत गाडी जागच्या जागी गरगर फिरवायची, धुरातून अर्धं अंग खिडकीबाहेर काढायचं, आणि गाडीनं भिंतीला नमस्कार करता कामा नये, एवढाच आमचा धर्म. यंदा डर्बनच्या मेळ्याचं बोलावणं आलं, त्याच मैदानाचं.

बोलावणं आल्याबरोबर सगळी गल्ली इंजिनीयर झाली. गाडीत अजून मामाचा सतरा वर्षं जुना डबा होता. डबा म्हणजे इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं नि ठिणगी कधी पाडायची हे ठरवणारा कॉम्प्युटर. मामानं त्याचं झाकण चिकटवून टाकलं होतं, कुणी आतली विद्या चोरू नये म्हणून.

"ऑस्ट्रेलियाचा डबा घे," शेजारचा पित्सो म्हणाला. "माझ्या गाडीत आहे. चाळीस गोष्टी करतो."

"त्यातली एक म्हणजे गाडी सुरू करणं, ती करतो का?"

पित्सोचा डबा तेवढंच करत नाही. त्याच्या डब्याला ट्यूनिंगवाल्यानं पासवर्ड घातला आणि पासवर्ड घेऊन केपटाऊनला जाऊन बायको केली. दोन वर्षं पित्सोची गाडी उभी आहे. डब्यासाठी घेतलेल्या लॅपटॉपवर तो फुटबॉल बघतो.

समोरच्या पाद्रीणबाई म्हणाल्या, "कुठलाही घे बाई, पण माझ्याकडे आण. मी हात ठेवून प्रार्थना करते."

"आजी, मागल्या वेळी तुम्ही पित्सोच्या डब्यावर हात ठेवला होता."

"त्याचा विश्वास कमी पडला," बाई म्हणाल्या.

राहिला मामा. सगळ्यांना खात्री होती की मामा म्हणणार, जुनाच ठेव. लॅपटॉपला तो 'दिव्याची पाटी' म्हणायचा. माझा कान हाच माझा कॉम्प्युटर, असं मयताच्या जेवणातही सांगायचा. पण मामानं वाळक्या भाकरीसारखा चेहरा केला आणि म्हणाला,

"नवा घे."

"काय?"

"इथलाच बनलेला घे, निळा. सॉफ्टवेअर फुकट, पासवर्ड नाही, कुणीही उघडावं. आणि हवेचा दाब मोजणारा सेन्सर आतच असलेला. दुसरा आणलास तर मी ट्रेलर देणार नाही."

"तुझ्या डब्याला काय झालं, मामा?"

"उंदीर मुतलाय त्यात."

"झाकण तर तूच चिकटवलंयस. उंदीर शिरला कुठून?"

"हुशार उंदीर होता," मामा म्हणाला, आणि काम नसताना कामाला गेला.

मी गाडी घेऊन लेनेशियाला ट्यूनिंग करणाऱ्या इम्तियाझभाईकडे गेले. त्यांचं दुकान म्हणजे गाडी जागच्या जागी पळवायचा एक रोलर, एक लॅपटॉप आणि आईनं पाठवलेले समोसे. डॅशबोर्डखाली डोकं घालून त्यांनी जुना डबा ओढून काढला, हातात फिरवला आणि शिट्टी वाजवली.

"हे बघ, मोसा. डब्याला इथे बारीक तोंड आहे. इंजिनाकडून एक रबरी नळी यायची, तिच्यातून डब्याला कळायचं हवा किती दाट आहे. कुणीतरी तोंडात स्क्रू ठोकलाय."

"त्यानं काय होतं?"

"आपल्या इथे काही नाही. इतक्या उंचावरची हवा म्हणजे पाणी घातलेलं दूध. नळी बुजवली की डबा फक्त पाय किती दाबलाय तेवढंच बघतो, गाडी उभी असताना छान एकसारखी धडधडते. पण घाट उतरून समुद्रावर जा. तिथली हवा म्हणजे साय. हवा जास्त, आणि डबा पेट्रोल ओततोय इथल्याच मापानं. इंजिन उपाशी तापतं आणि पिस्टन मेणासारखे गळतात. ही चूक आपल्या उंचीवरच्या लोकांनीच करावी. डर्बनवाल्याला ती सुचणारसुद्धा नाही." त्यांनी समोसा मोडला. "कुठल्या गाढवाचं काम हे?"

स्क्रूच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. कोबेदीमामा बसवलेल्या प्रत्येक स्क्रूवर मामीच्या नेलपॉलिशचा ठिपका देतो. सगळ्या सोवेटोत त्याचं काम ह्या ठिपक्यावरून ओळखतात.

"माहीत नाही," मी म्हणाले आणि स्क्रू खिशात टाकला.

त्या संध्याकाळी मी तो मामापुढे ठेवला. "हा कुणाचा, मामा?"

मामानं तो उचलला, उजेडात धरला. "असेल कुणाचा तरी," म्हणाला. आणि परत दिला नाही.

मी पुढे विचारलं नाही. मला त्याच्याकडून ऐकायचं होतं, ओढून काढायचं नव्हतं.

निळा डबा बसला. इम्तियाझभाईंनी रोलरवर गाडी पळवून रकान्यारकान्यात पेट्रोलचं माप भरलं. मग एक रविवार मी आमच्या मैदानात सराव केला आणि डब्यानं नोंदलेलं सगळं त्यांना दाखवलं. त्यांनी स्क्रीनवरच्या एका रेघेवर बोट ठेवलं.

"पाय सत्तरच्या वर जातच नाही तुझा. शंभरपैकी सत्तर. दाबतेस आणि सोडतेस. पूर्ण का दाबत नाहीस?"

"दाबते की."

"तू दाबते म्हणतेस, हा सत्तर म्हणतो. ह्याला तुझी भीड नाही."

खरं होतं. डोक्याला कळलं होतं, पायाला कळलं नव्हतं. सत्तरला पोचलं की गल्लीतल्या पोरी कानात गायला लागायच्या, आणि पायाचा अंगठा आपोआप वर यायचा.

"आणखी एक," इम्तियाझभाई म्हणाले. "इथे हवेचा दाब त्र्याऐंशीच्या वर जात नाही, डर्बनला एकशे एक. ते वरचे रकाने मी अंदाजानं भरलेत, पेट्रोल जरा जास्तच ठेवलंय. पण तिथे इंजिन कधी गेलेलं नाही. पोचल्यावर एकदा पाय पूर्ण दाब, लगेच इंजिन बंद कर, प्लग काढ आणि रंग बघ. पांढरा पडला असेल तर इंजिन उपाशी आहे, मेळा विसर, घरी ये."

शुक्रवारी पहाटे निघालो. मामाची पिकअप, मागे ट्रेलर, ट्रेलरवर गुशेशे, पुढे आम्ही दोघं आणि कागदात कोटे, पावाच्या पोटात चिप्स नि लोणचं कोंबलेले. दोघांचीही तोंडं भरलेली, त्यामुळे कुणी काही बोलत नाही ह्याचं ओझं वाटेना.

व्हान रीननच्या घाटमाथ्यावर मामानं गाडी थांबवली, ट्रेलरवर चढला, गुशेशेची किल्ली फिरवली आणि दिव्याच्या पाटीत नाक घातलं.

"त्र्याऐंशी," म्हणाला.

घाट उतरल्यावर पुन्हा थांबला. "नव्वद."

पीटरमॅरित्झबर्गला पेट्रोल भरताना पुन्हा चढला. "चौऱ्याण्णव." पंपावरचा माणूस म्हणाला, "म्हातारबाबा, ताप आहे का गाडीला?"

"तापाला उशीर आहे," मामा म्हणाला. "मी आधीच नाडी धरलीय."

प्रत्येक आकड्यानिशी मामा थोडा थोडा खचत होता. आकडा वर चढताना खाली वाकत चाललेला माणूस मी पहिल्यांदा बघितला.

डर्बनला मैदानामागच्या मोकळ्या जागेत गाडी उतरवली. खारट वारा, धूर, भाजलेल्या मक्याचा वास. पलीकडे माणूस कर्ण्यावर नावं पुकारत होता, आणि माझं नाव येताच हसून गायला: "लेफाच्या पायाला बांधलीय वीट..." गाणं इथवर आलं होतं. सतरा वर्षांत बाबा आले नाहीत, गाणं आलं.

स्क्रीनवर एकशे एक.

"दाब," मामा म्हणाला.

मी दाबलं. इंजिन ओरडलं, मी किल्ली बंद केली. मामानं पान्यानं प्लग काढला, बघितला, डोकं हलवलं.

"चहाचा रंग आहे, चांगला आहे. पण तू सत्तरपर्यंतच दाबलंस. पूर्ण दाबल्याशिवाय प्लग खरं बोलत नाही."

पुन्हा दाबलं. पुन्हा सत्तर. तिसऱ्यांदा बाहत्तर. मी पाय काढून घेतला. "माझ्याच्यानं होत नाही, मामा. परत वितळेल. परत दोष पायावरच येईल. चल, घरी जाऊ."

मामा खिडकीशी आला. त्यानं खिशातून तो स्क्रू काढला आणि डॅशबोर्डवर ठेवला. पलीकडे कर्ण्यावाला माझं नाव दुसऱ्यांदा पुकारत होता.

"नळी मी बुजवली होती," मामा म्हणाला. "गाडी उभी असताना गोड धडधडावी म्हणून, गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून. समुद्राची हवा दाट असते हे मला ठाऊक नव्हतं. वितळलेला पिस्टन हातात घेतला तेव्हा कळलं. अंगणात गायलो तेव्हा कळलेलंच होतं."

"बाबांना?"

"परतताना घाटात त्यानंच डब्याच्या तोंडातला हा स्क्रू दाखवला मला. म्हणाला, 'कोबेदी, गिऱ्हाईक दुकानाला लागतं, पायाला लागत नाही. दोष माझ्या पायावर ढकल.' ढकल म्हणाला होता, पोरी. गाणं कर म्हणाला नव्हता. गाणं माझं." त्यानं नाक बाहीला पुसलं. "तुझ्या बापाचा पाय पिसासारखा होता. सतरा वर्षं मला माहीत आहे. आता दाब."