कार्मेलिनने ठेवलेला हॅम

पासष्ट साली पनवेलच्या त्या गल्लीत पहिला फ्रिज आला तो पास्कलच्या घरी. मीठ खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यानं तो बायकोच्या, कार्मेलिनच्या, हट्टापायी घेतला. नाताळात ती हॅम करायची. डुकराची खारवलेली मांडी, लवंगा टोचून दुपारभर मंद आचेवर शिजवलेली. मुलगा सिप्रियन जहाजावर इंजिनात कामाला. नाताळाला तो सहसा घरी नसे. म्हणून फ्रिज आल्यापासून त्याच्या वाट्याचा हॅम ती बटरपेपरात गुंडाळून वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवू लागली.

चार वर्षांनी असाच नाताळ पार पडला आणि जानेवारीत कार्मेलिन गेली. तापाचं निमित्त झालं, मुंबईच्या इस्पितळात नेईपर्यंत उशीर झाला होता. सिप्रियनला बातमी कळली ती भर समुद्रात. जहाज काही त्याच्यासाठी माघारी वळणार नव्हतं.

वरच्या कप्प्यात दोन पुडकी तशीच राहिली. पास्कल पाण्याची बाटली काढायचा आणि दार लावायचा. त्या कप्प्याला त्यानं हात लावला नाही.

फेब्रुवारी संपता संपता निरोप आला, जहाज मुंबईला लागतंय, परवा घरी पोचतो. पास्कलनं उभ्या जन्मात चहाखेरीज काही केलं नव्हतं. जमतंय का बघावं म्हणून त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी एक पुडकं काढलं. कागद मांसाला चिकटून फाटला. दगडासारखा तो तुकडा त्यानं तव्यावर ठेवला आणि स्टोव्ह मोठा केला.

रोज दारावर मासे घेऊन येणारी गोदूबाई धुराच्या वासानं थेट स्वयंपाकघरात आली.

"काय करपलं, बाबा?"

"हॅम."

तिनं सुरी घालून पाहिली. बाहेर कोळसा झाला होता आणि आत बर्फ कचकचला.

"बायनी केलेला?"

"हो."

गोदूबाईनं सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "आनखी हाय का?"

"एक आहे."

"त्याला आज आग दाखवू नका. बाय कशा करायच्या, आठवा जरा."

पास्कलला आठवली ती कुरबूर. सिप्रियन यायच्या आदल्या दिवशी फ्रिजच्या खालच्या फळीवर एक झाकलेली थाळी असायची आणि तिच्यामुळे त्याची बाटली मावायची नाही. "एक दिवस माठातलं प्या," कार्मेलिन म्हणायची. थाळीत काय आहे, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

त्यानं दुसरं पुडकं थाळीत ठेवून झाकलं आणि खालच्या फळीवर सरकवलं. बाटली बाहेर काढली. सकाळी कागद आपसूक सुटला. थाळीत थोडं गुलाबी पाणी उतरलं होतं. हॅमच्या चकत्या कापून त्यानं पातेल्यात रचल्या, घोटभर पाणी घातलं, घट्ट झाकण ठेवलं. आच इतकी बारीक केली की स्टोव्ह दोनदा विझला. वाफ धरली तसा लवंगांचा वास घरभर पसरला. पास्कल उठून पुढच्या दारात जाऊन उभा राहिला.

सिप्रियन दुपारी आला. बापलेक कबरीवर फुलं ठेवून परतले. जेवताना सिप्रियननं दोन घास खाल्ले आणि वर पाहिलं.

"पापा, तुम्ही हे कधी शिकलात? अगदी ममाच्या हातचा लागतोय."

शिकलो म्हणणं सोपं होतं. पोराला बरंही वाटलं असतं.

"मी नुसता गरम केलाय," पास्कल म्हणाला. "केला तिनंच. नाताळात. तुझ्यासाठी ठेवून गेली."

सिप्रियनचा हात थांबला. मग त्यानं पातेल्यावर झाकण ठेवलं.

"उरलेला परत वर ठेवू या. पुढच्या खेपेला होईल."

"नाही रे. गोदूबाई म्हणते, एकदा बर्फ सुटला की परत त्यात घालायचं नाही. नासतं."

"एवढासा तुकडा तरी."

"आणखी एक पुडकं होतं," पास्कल म्हणाला. "ते मी काल जाळलं."

सिप्रियननं त्याच्याकडे पाहिलं. रागावण्यासारखं त्याला काही सापडलं नसावं. त्यानं झाकण काढलं आणि आधी बापाला वाढलं, मग स्वतःला. दोघांनी पातेलं संपवलं. शेवटी तळाचं खारट पाणीही त्यांनी पावानं पुसून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी गोदूबाई आली तेव्हा पास्कलनं बोंबील घेतले, पण तिला जाऊ दिलं नाही.

"बस जरा. याचं कालवण कसं करायचं, ते सांग."

सिप्रियनची रजा संपेपर्यंत घरात रोज बोंबलाचंच कालवण होत होतं. त्यानं एकदाही तक्रार केली नाही.