पडेल ते दान

मित्रांनो, मी एक जुना फासा आहे. सहा बाजू, एकवीस ठिपके आणि एक झिजलेला कोपरा, एवढाच माझा संसार. फाशाला कसली आलीय तक्रार, असे तुम्हाला वाटेल. पण मला माणसांच्या फुंकरीची किळस येते. मूठ तोंडाशी नेऊन ती माझ्यावर फुंकतात. त्या वाफेत दुपारच्या जेवणाचा कांदा असतो, आणि तसाच ओल्या अंगाने मी टेबलावर घरंगळतो.

मी एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात जन्मलो. तिथल्या एका बाईने मला उजेडात धरून सहाही बाजू तपासल्या. "हा सरळ आहे," असे म्हणून तिने मला खोक्यात टाकले. तेवढे प्रशस्तिपत्र मी आजवर जपले आहे.

आम्हा तिघा भावंडांना चित्रकलेच्या मास्तरांनी विकत घेतले. दर शनिवारी दुपारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर खेळ रंगे. प्रत्येकाने एक शूर पात्र कल्पायचे आणि मास्तर वर्णन करतील त्या जंगलात, त्या भुयारात ते न्यायचे. पात्राला सहा गुण असत: ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि इतरांवर पडणारी छाप. एकेका गुणासाठी आम्हा तिघांना एकदाच टाकायचे आणि ठिपक्यांची बेरीज कागदावर मांडायची. बेरीज मोठी, तर पात्र भक्कम. पडेल ते दान आपले, हा मास्तरांचा नियम. शेजारच्या शिंपीणबाई तर लंगडे पात्रही हौसेने खेळत. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग दातांचे डॉक्टर खेळायला येऊ लागले. "मला दवाखान्यातून यायला उशीर होतो. मी पात्र घरूनच बनवून आणतो," असे म्हणून त्यांनी आम्हाला खिशात घातले. मास्तर पडले भिडस्त.

दिवसभर लोकांच्या तोंडात फिरणारी ती बोटे धुतलेली असावीत, अशी मी मनाची समजूत घातली. घरी त्यांनी आम्हाला टाकले. आकडा लहान पडला. "हा धरायचा नाही," ते म्हणाले. पुन्हा टाकले. "हा हात घसरला." पुन्हा टाकले. आम्ही आपटून आपटून बधिर झालो, तेव्हा कुठे सहा मोठे आकडे जमले. शनिवारी कागद पुढे करून ते म्हणाले, "फासा खूश आहे आपल्यावर." सगळ्यांनी मला शाबासकी दिली. मित्रांनो, त्या शाबासकीने मला माझीच शिसारी आली.

त्याच सुमारास मास्तरांची भाची नोकरीसाठी त्यांच्याकडे राहायला आली. आठवडाभर ती औषधांच्या दुकानात मान खाली घालून गोळ्यांची पाकिटे लावी. मोकळी हसायची ती फक्त शनिवारी. ती सगळ्यांसमोर एकदाच टाकायची. बेरीज यायची सात, नऊ, सहा. तिचे पहिले पात्र दरीत पडून मेले, दुसरे बुडाले, तिसऱ्याला लांडग्यांनी खाल्ले. "हिच्या हाताला यशच नाही," डॉक्टर दर खेपेला हसत म्हणत. दोन महिन्यांत ती पोर हात टेबलाखाली ठेवून बसू लागली.

शेवटी ती म्हणाली, "मामा, मी पुढच्या शनिवारपासून नाही बसणार. माझ्यामुळे सगळे अडकतात. माझा हातच वाईट आहे."

"मग फासे ठेवा की बाजूला," शिंपीणबाई म्हणाल्या. "प्रत्येकाला सारखेच पॉइंट द्या, ज्याने त्याने हव्या त्या गुणावर लावावेत. कापड सगळ्यांना सारखं. कसं बेतायचं ते ज्याचं त्याने बघावं."

"छे, त्यात काय मजा?" डॉक्टर म्हणाले. "फाशात नशीब असतं. ते सोसायला छाती लागते."

मास्तरांनी आम्हाला त्यांच्यापुढे सरकवले. "मग सगळेच नवी पात्रं करू. इथेच. आधी तुम्ही टाका."

डॉक्टरांनी फुंकर मारली आणि टाकले. दोन, एक, तीन; बेरीज अवघी सहा. मास्तरांची पेन्सिल कागदाला टेकायच्या आत डॉक्टरांनी आम्हाला उचललेसुद्धा. "हा धरायचा नाही," ते सवयीने पुटपुटले. घरच्यासारखेच. आपण काय बोललो हे त्यांना कळले, तेव्हा सगळे त्यांच्या मुठीकडे बघत होते.

"काका, घरी किती वेळा टाकलं होतं?" भाचीने विचारले. तिच्या आवाजात राग नव्हता.

"मोजलं नाही गं. असेल पन्नास-साठ वेळा. खेळच आहे शेवटी."

ती स्वतःच्या तळहाताकडे बघत म्हणाली, "म्हणजे माझ्या हातात काही खोट नव्हती."

ज्या टाकण्यांपायी तिने दोन महिने स्वतःच्या हाताला दोष दिला, ती या माणसाने मोजलीही नव्हती. इतका ओशाळा मी आयुष्यात कधी झालो नव्हतो, आणि मी तर फक्त फासा.

त्या दिवशी मास्तरांनी आम्हाला डबीत बंद केले. पॉइंट वाटले गेले, आणि पहिली पेन्सिल भाचीने उचलली, हे मी आतून ऐकले.

मित्रांनो, आम्हाला टाकायचे असेल तर सगळ्यांसमोर टाका आणि पडेल ते घ्या. ते झेपत नसेल तर सारखे वाटून घ्या. आम्ही डबीत बसू, त्यात आम्हाला कमीपणा नाही. पण घरी साठ वेळा टाकून आलात, तर एकदाच टाकणाऱ्याला तुझे नशीब फुटके आहे असे कधी म्हणू नका.