सांडोरचा डुगडुगणारा बाक

मित्रांनो, मी एक जुना फणसाचा बाक आहे. सांडोर गावातल्या केळीच्या वाड्यांमध्ये एक साधनागृह आहे, तिथल्या आंब्याखाली माझा मुक्काम असतो. माझी खोट आधीच सांगून टाकतो. बाबू सुताराने माझे पाय फार आत बसवले. एकटा माणूस टोकाला बसला की दुसरे टोक उचलते आणि बसणारा जमिनीवर येतो. चर्चमध्ये लोक दाटीवाटीने बसत, तेव्हा हे कोणाला कळले नाही. पुढे तिथे नवे बाक आले आणि माझी रवानगी इकडे झाली. मी फार रुसलो होतो.

इथे लोक तीन दिवसांच्या मौनसाधनेला येतात. कोणाशी बोलायचे नाही, प्रभूसमोर शांत बसायचे. खरे सांगू, सुरुवातीला मला याचा कंटाळा यायचा.

१९९७ साली, इस्टरआधीच्या उपवासकाळात मटिल्डाबाई आल्या. साधना सुरू होण्याआधी माझ्यावर बसून त्या इथल्या फादर युजीनना म्हणाल्या, "फादर, इस्टरनंतर माज्या पोराचं, लुईसचं लगीन हाय. नवऱ्याच्या आंघोळीचं पानी विहिरीवरून आनायला काकी पायजे. पन माजी जाऊ एमिली आनि मी नऊ वर्सं बोलत नाय."

भांडण त्याच सामाईक विहिरीवर पाणी भरण्याच्या पाळीवरून झाले होते.

फादर हसले. "म्हणजे मौनाची सवय आहे तुम्हाला. पण तो अबोला झाला. इथे मनातलं भांडणही गप्प करायचं."

नेमकी त्याच साधनेला एमिलीही आली होती. दोन दिवस दोघींनी एकमेकींकडे पाहिलेसुद्धा नाही.

तिसऱ्या दुपारी मटिल्डाबाई माझ्या मधोमध जपमाळ घेऊन बसल्या होत्या. सावली तेवढीच, म्हणून एमिली येऊन एका टोकाला बसली. मटिल्डाबाई तडक दुसऱ्या टोकाला सरकल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

चहाची घंटा झाली. एमिली उठू लागली, तसा मी डुगडुगलो. तिला कळले की आपण उठलो तर जाऊबाई पडतील. हाक मारावी तर मौन, आणि नऊ वर्षांची सवयही. ती पुन्हा बसली. सगळ्यांचा चहा झाला. लाल मुंग्या तिच्या पायावर चढल्या, तरी ती जागची हलली नाही.

अर्ध्या तासाने मटिल्डाबाईंनी डोळे उघडले. रिकामे अंगण पाहिले, एमिलीचे सुजलेले पाय पाहिले. मग माझा डुगडुगता तोल जाणवून त्या हळूच मध्यावर सरकल्या. तेव्हा कुठे एमिली उठली.

संध्याकाळी मिस्साची प्रार्थना झाल्यावर मौन सुटले. दोघी पुन्हा माझ्यापाशी आल्या.

"मुंग्या चावत होत्या, तरी उठली का नाय?"

"तू पडली असतीस, वैनी."

मटिल्डाबाईंनी जपमाळ पदराच्या टोकाला बांधली. मग म्हणाल्या, "लुईसच्या पान्याची पयली कळशी तू घे."

त्या दिवसापासून मी बाबू सुताराला मनोमन दुवा देतो. माझे पाय नीट करायला माणूस आला होता, फादरनी त्याला परत पाठवले. मित्रांनो, कधी इकडे आलात तर माझ्यावर शांत बसा. मात्र उठण्यापूर्वी दुसऱ्या टोकाला कोण आहे ते बघा. चहा निवला तरी चालेल.