ठमाबाईची पाच वर्षं

चांगदेव तात्या सावरदऱ्याचा सरपंच नेमका कधी झाला, हे गावातल्या तरण्या पोरांना विचारलं तर ती एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतील. त्यांच्या रहिवासी दाखल्यांवर तात्याची सही, त्यांच्या बापांच्या लग्नपत्रिकांत प्रमुख पाहुणा म्हणून तात्याच. पंचवीस वर्षं. मधली पाच वर्षं जागा बाईसाठी राखीव निघाली, तेव्हा पंचायतीच्या फळ्यावर त्याच्या बायकोचं, ठमाबाईचं नाव लागलं. खुर्चीत मात्र तात्याच बसला. ठमाबाई त्या खुर्चीत एकदाच बसली, तीही पंधरा ऑगस्टच्या फोटोपुरती. बाकी पाच वर्षं तिनं चुलीपुढं बसून सह्या केल्या. तो कागद पुढं करायचा, जागेवर बोट ठेवायचा, आणि ती पिठाचा हात पदराला पुसून नाव लिहायची. करून सवरून नामानिराळं राहावं तर तात्यासारखं.

अशा माणसानं यंदा ग्रामसभेत उभं राहून सांगितलं, "लई वर्सं झाली. आता नव्या माणसाला येऊ द्या." एवढंच नाही, नियमही त्यानंच मांडला. ज्यानं दोन पाळ्या सरपंचकी केली, त्यानं पुन्हा उभं राहायचं नाही. रविवारी खंडोबाच्या देवळात सगळ्या गावापुढं कारभाऱ्यांनी आणि होणाऱ्या सरपंचानं बेल-भंडारा उचलून तशी आण घ्यायची आणि निवडणूक बिनविरोध उरकायची. काही म्हाताऱ्यांचे तर डोळे भरून आले. वीस वर्षं उपसरपंचकीवर ताटकळलेला रामनाथ सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता.

सोडतीत यंदा जागा बाईला गेली, हे तात्याला तालुक्याहून आदल्याच दिवशी कळलं होतं. आणि ठमाबाईची पाळी कागदावर एकच झाली होती.

"तुझंच नाव येणार हाय," त्यानं घरी जेवताना सांगितलं. "सगळ्यांशी बोलून ठेवलंय."

ठमाबाईच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची राहिली. "माझं नाव नका घालू," ती म्हणाली.

"का गं?"

"मला भंडारा उचलायचा न्हाई."

तात्याला कारण विचारावं लागलं नाही. तो घास चावत राहिला. "बारा वर्सं झाली त्याला. गेलेलं उकरून काय मिळणार? एवढंच म्हणायचं, गावाशी माझं कपट न्हाई. चार शब्द हायेत."

तेच चार शब्द तिच्या गळ्यात अडकणार होते. तळेघरच्या अलीकडच्या या डोंगरात माणूस कोर्टात खोटं बोलेल, बायकोशी बोलेल, मतपेटीशी तर हसत हसत बोलेल; पण ओंजळीत बेल आणि खंडोबाची हळद असताना बोलायचा नाही. बोललं तर घर बसतं, असं लहानपणापासून ऐकलेलं. तात्याचा देवावर विश्वास बेताचाच होता. बायको तोंड उघडणार नाही यावर मात्र पुरता होता, आणि त्याचा हिशेब चुकला तो इथेच.

बारा वर्षांपूर्वी, तिच्याच पाळीत, ओढ्यावरचा साकव झाला. पलीकडच्या वस्तीवरच्या पोरांना शाळेत यायला तेवढीच वाट. काम पूर्ण, कठडा बसवला, अशा कागदावर ठमाबाईनं सही केली. कठडा बसला नव्हता. नुसते लोखंडी खुंट उभे होते, त्यांना आडवं काही नाही. त्या श्रावणात त्या वस्तीवरच्या साळुबाईची मुलगी आरोही, नऊ वर्षांची, ओढ्यात वाहून गेली. पंचनाम्याला तात्यानं आणखी एक कागद पुढं केला: मुलगी पाण्यात खेळायला उतरली होती, हे मी समक्ष पाहिलं. खाली सरपंच म्हणून तिची सही. कठडा चौथ्या दिवशी बसला, आणि तात्यानं किती तातडीनं काम केलं याचं गावात कौतुक झालं.

साळुबाईचा नवरा म्हणाला, पोटची पोर सांभाळता आली नाही तुला. वर्षभरात तो पेठ गावाकडे निघून गेला आणि तिकडंच त्यानं दुसरं घर केलं. साळुबाई एकटीच भात-नाचणी करत राहिली. दर दिवाळीला ठमाबाई तिला लुगडं न्यायची. साळुबाई पायाला हात लावायची, आणि ठमाबाईला तो स्पर्श दोन दिवस पायावर जाणवायचा. सांगून टाकावं असं शंभरदा ओठांवर आलं. पण मुलं लग्नाची, नवरा तालेवार, आणि आपण तरी कोण मोठ्या सत्यवचनी. भित्री होती ती, दुसरं काही नाही. भित्र्या माणसाच्या हातूनही घर जळतं.

रविवारी सकाळी देऊळ गच्च भरलं. कुशाबा गुरवानं भंडाऱ्याचं ताट मांडलं. एकेक कारभारी पुढं आला, हळद कपाळाला लावून आण घेऊन मागं सरकला. तात्यानंही घेतली, डोळे मिटून, फोटो निघेपर्यंत. मग ठरल्याप्रमाणे एकानं ठमाबाईचं नाव सुचवलं, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं. रामनाथचा चेहरा पडला. आयत्या वेळी आपल्याला कसं गुंडाळलं, हे त्याला आत्ता कळत होतं.

"या वयनी," कुशाबा म्हणाला. "उचला भंडारा. म्हणा, गावाशी माझं कपट न्हाई."

ठमाबाईनं ओंजळ केली. त्यानं बेलाचं पान ठेवलं, वर चिमूटभर नाही, मूठभर हळद घातली. हळद बोटांच्या फटींतून पायांवर सांडत होती. बायकांत तिसऱ्या ओळीत साळुबाई बसली होती. ती कौतुकानं हसली.

"माझं कपट हाय," ठमाबाई म्हणाली.

तात्या खाकरला. "अगं, नीट म्हण."

"नीटच म्हणतेय. माझी पाळी झालीच न्हाई. ती पाच वर्सं ह्यांची. मी निस्त्या सह्या केल्या. साकवाला कठडा नसताना हाय म्हणून सही केली. आन आरोही पाण्यात खेळत व्हती, मी बघितली, ही सही बी खोटी. मी काय बी बघितलं न्हवतं. आमचं वावर ओढ्याला लागून, म्हणून आमी दोघं पयले पोचलो. पोरीचं दप्तर साकवाच्या खुंटाला अडकलं व्हतं, मधोमध. ह्यांनी ते काढलं आन खाली काठावरच्या दगडावर नेऊन ठिवलं. मी बाजूला उभी व्हते."

ठमाबाईला वाटलं, आता कुणीतरी तात्याची गचांडी धरील. आपल्याही झिंज्या धरील. धराव्यात, असंच तिला वाटत होतं.

रामनाथ उठला. "म्हंजी वयनी सवताच म्हणत्यात, पाळी तात्याची व्हती," तो सावकाश म्हणाला. "मग आताची बी तात्याचीच व्हणार. तात्याचं घर नियमानं बाद. आमची मंगल हाय. तिची एक बी पाळी झाली न्हाई."

"मंगल कुठंय?" कुणीतरी विचारलं.

"घरी. सैपाक करतीय. तिचं काय काम हितं? मी हाय ना."

लोकांचा श्वास सुटला. बोलायला काहीतरी मिळालं. मंगल चालेल का, बिनविरोधच हवं, उगीच फाटे नकोत, बारा वर्षांचं काय धरून बसायचं, आणि ते पोलिसांचं काम, आपलं नाही. तात्यानं पुढं होऊन रामनाथच्या पाठीवर हात ठेवला. गावाचा निर्णय आपल्याला मान्य आहे, असं तो म्हणाला. त्याचं उद्याचं गणित तिथंच, उभ्याउभ्या सुरू झालं होतं. कुशाबानं ठमाबाईच्या ओंजळीतली उरलेली हळद ताटात परत घेतली आणि ताट रामनाथपुढं धरलं. बायकोच्या वतीनं त्यानंच भंडारा उचलला. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

साळुबाई माणसांतून वाट काढत पुढं आली. ठमाबाईनं मान खाली घातली. थोबाडीत बसली असती तर तिला बरं वाटलं असतं.

"दप्तर साकवावर व्हतं, आक्का?"

"व्हय."

"मधोमध?"

"व्हय गं. तुज्या घराच्या अंगाला तोंड करून लोंबत व्हतं."

"म्हंजी ती खेळाया उतरलीच न्हवती."

"न्हाई."

"घरी येत व्हती."

मागं मंगलच्या नावानं येळकोट चालला होता आणि कुणीतरी गुलालाची पिशवी फोडली होती. साळुबाई त्या गलक्यात दोन्ही हात लोंबते सोडून उभी होती.

"पाण्याकडं जाऊ नको म्हणून रोज सांगायचे मी तिला," ती म्हणाली. "बारा वर्सं मी मेलेल्या पोरीला शिव्या दिल्या, आक्का. ऐकली न्हाई म्हणून. रोज दिल्या."