काचेवरची गर्दी

“नुसती सूज. पांढऱ्या पेशी जमल्यात. औषध देऊन घरी पाठवा,” असं म्हणत डॉक्टरांनी पुढच्या काचेसाठी हात केला. देवमननं काच दिली नाही.

अकोल्याच्या त्या दवाखान्यात तो तेरा वर्षं रोग्यांच्या मांसाचे तुकडे मेणात बसवून, पातळ काप काढून, रंगवून काचेवर मांडत होता. काय दिसतं ते बोलणं त्याचं काम नव्हतं. घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याच्या दुसऱ्या वर्षी त्याच्या सख्ख्या बहिणीच्या, भागीरथाच्या, गर्भाशयाच्या तोंडाचा तुकडा असाच आला होता. तेव्हाही पांढऱ्या पेशींची हीच गर्दी आणि कागदावर ‘सूज’. गर्दीच्या वर अस्तराच्या पेशी वेड्यावाकड्या झालेल्या देवमनला दिसल्या होत्या. पण साहेबांपुढे आपण कोण, म्हणून हा शहाणा गप्प बसला. सहा वर्षांनी भागीरथा कर्करोगानं गेली. ते अजून त्याच्या जिवाला खात होतं.

आणि आज ही काच होती दर्यापूरच्या तानुबाईची. पाच लेकरांची माय, एसटी चुकेल म्हणून सारखी दारातून डोकावत होती.

“साहेब, ह्या पेशी उगाच नाई जमल्या. ज्याच्यासाठी जमल्या, ते वर आहे. वर पाहा एकडाव.”

तू डॉक्टर केव्हापासून झालास, असं साहेबांनी फटकन विचारलं. तरी कुणी न सांगता त्याच तुकड्याचे काढलेले आणखी खोल काप देवमननं पुढं ठेवले. डॉक्टर मायक्रोस्कोपवर वाकले ते बराच वेळ वाकूनच राहिले. मग लिहिलेला कागद त्यांनी फाडला. कर्करोग अजून झाला नव्हता, पण व्हायला निघाला होता. खालच्या पांढऱ्या पेशी त्यालाच अडवून उभ्या असाव्यात, असं देवमनला वाटलं.

ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी तानुबाई ज्वारीचा हुरडा घेऊन आली, डॉक्टरांच्या पाया पडली. जाताना तिनं देवमनकडे पाणी मागितलं. त्यानं दिलं, ती घटाघटा प्यायली.

“मोठ्या डॉक्टरनं वाचवलं मले,” ती म्हणाली. “तुमी काय करता इथं, भाऊ?”

“काचा पुसतो, बाई.”

ती गेल्यावर तो आत आला. खणाच्या तळाशी ठेवलेली भागीरथाची काच त्यानं बाहेर काढली आणि सदऱ्याच्या टोकानं हळूहळू पुसली.