प्लंबरकाका आणि काकूंचं मिटलेलं तोंड

प्लंबरकाकांनी जन्मभर दुसऱ्यांच्या नळ्या बसवल्या. आता खुद्द बायकोच्या नाकात नळी आली. पक्षाघातानंतर काकूंना नीट गिळता येईना, म्हणून डॉक्टरांनी नाकातून थेट पोटात नळी घातली. काका ठरल्या वेळी तिच्यातून पातळ खाणं सोडत, मागून पाणी सोडून नळी लख्ख धूत. कामात कसूर नाही. तोंडाकडे मात्र ढुंकूनही पाहत नसत.

तपासायला आलेल्या सिस्टर काकूंचं तोंड बघून दोन पावलं मागेच सरल्या.

"काका, यांचे दात शेवटचे कधी घासले?"

"घासायचे कशाला? तोंडातून काही जातच नाही. ती लाइन बंद आहे."

"बंद घरातली मोरी कशी असते हो?"

"विचारू नका! पाणी वाहत नाही ना, मग वास असा सुटतो की…" काकांची नजर काकूंच्या तोंडाकडे गेली.

"तेच. ती घाण लाळेबरोबर छातीत उतरली की न्यूमोनिया. दिवसातून दोनदा मऊ ब्रश. आधी बसतं करायचं, ब्रश नुसता ओलसर ठेवायचा, साठेल ते कापडाने टिपायचं. चूळ द्यायची नाही."

दुसऱ्या दिवशी काका ब्रश घेऊन सज्ज झाले. काकूंनी ओठ गच्च मिटले. काकांनी विनवलं, दटावलं, स्वतः आ करून दाखवला. काकू ढिम्म! शेवटी वैतागून काका गुणगुणायला लागले. आता काकूंनी तीस वर्षं गाणं शिकवलेलं.

"बेसूर!" त्या कडाडल्या. "सा असा… आऽऽ!"

काकांनी लगेच ब्रश आत घातला.

मग हे रोजचंच झालं. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. पण पंधरा दिवसांत भलतीच पंचाईत झाली. रोज चुका ऐकून ऐकून काका चक्क सुरात गाऊ लागले. काकू डोळे मिटून, ओठही मिटून, मान डोलवत बसल्या. काकांवर बेसुराचा रियाज करायची पाळी आली.

महिन्याने सिस्टरनी तपासलं. जीभ गुलाबी, छाती साफ.

"वा! जमवलंत कसं?"

काकांनी ऐटीत घसा खाकरला.

"नको!" काकू ओरडल्या आणि त्यांनी आपणहून भला मोठा आ केला.